इंग्रजी कागद सरकारचा

आमच्या लहानपणी राजधानी इंदूरला उन्हाळ्यात राहायला यायची. हिवाळाभर ती ग्वाल्हेरला असे. रंगपंचमीचे डाग अंगणातल्या फरशीवरून निघाले, की स्टेशनावर पेट्या उतरायला लागत. साहेब, हेडक्लार्क, टायपिस्ट, चपराशी, आणि त्यांच्यामागून लाकडी पेट्यांच्या रांगा. माझ्या नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आजी, कॅपिटल होती का सर्कस? तंबू उठवला आणि चालली?" मी म्हटलं, हो रे बाबा, तेव्हाचं मध्यभारत राज्य तसंच होतं, आणि आम्हांला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

परवा आक्काकडे, इंदूरजवळच्या राऊला जायचं होतं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुमती, आता नव्वदीला टेकलेली. तिचा मुलगा विनू मला गाडीतून न्यायला आला होता. मी त्याला म्हटलं, जरा रामबागेतून घे.

"तिकडून कशाला मावशी? फुल जाम असतो. सीधे बायपासने निघू ना."

"घे रे. मला बघायचंय."

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आमचं भाड्याचं घर होतं तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालंय आणि वर कोचिंग क्लासची पाटी लागलीय. विनूने गाडी मिनिटभर थांबवली, मागून हॉर्न वाजले, आणि आम्ही निघालो. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. पर्समध्ये चार घड्यांचा एक पिवळा कागद होता. तो आक्काला द्यायचा की नाही, हे सत्तर वर्षं माझं ठरत नव्हतं. त्या सकाळी ठरलं होतं, आणि आता पुन्हा डळमळायला लागलं होतं.

डोळे मिटले की ते घर जसंच्या तसं उभं राहतं. पुढे ओटा, ओट्याला लागून एक खोली, आत आमच्या दोन. अण्णा, म्हणजे आमचे वडील, सेक्रेटरिएटात होते. राजधानी ग्वाल्हेरला गेली की थोडं ऑफिस मागे राहायचं, त्यात अण्णांचं टेबल असे. उन्हाळ्यात मात्र कामाचा असा रगाडा पडायचा की अण्णा फायली घरी आणत. लाल खारव्याच्या फडक्यात बांधलेलं ते गाठोडं, त्याला बस्ता म्हणत. बस्ता सोडला की खोलीभर खळीचा, लाखेचा आणि कसर लागलेल्या कागदांचा वास पसरे. ओल्या वाळ्याच्या पडद्याचा वास त्यात मिसळला की मला अजून वाटतं, सरकारचा वास असाच असणार. पुढे मी कितीतरी सरकारी कचेऱ्या पाहिल्या, पण तो वास परत कुठेच आला नाही.

पुढची खोली आम्ही उन्हाळ्यापुरती भाड्याने द्यायचो, ग्वाल्हेरहून येणाऱ्या कुणातरी कारकुनाला. सलग तीन उन्हाळे तिथे मोघेजी राहिले. चोवीस-पंचवीसचे असतील. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशावर कायम शाईचा निळा डाग. जेवायला आमच्याकडेच असत. आईने कितीही आग्रह केला तरी तिसरी पोळी घेताना "आता बस्स, काकू" म्हणायचे आणि घ्यायचे. ग्वाल्हेरची मराठी बोलायचे, आम्हां पोरांनासुद्धा "आपण" म्हणत. मी तेव्हा दहा वर्षांची, मला जन्मात कुणी आपण म्हटलं नव्हतं. मी त्यांच्यावर बेहद्द खूश होते.

संध्याकाळी मिलचा भोंगा वाजला की मोघेजी खोलीच्या दाराच्या फळीवर खडूने एक इंग्रजी शब्द लिहीत. रोज एक. दुसऱ्या दिवशी पुसून दुसरा. ओट्यावर अण्णा सुपारी कातरत बसलेले, मी पायरीवर, आक्का उंबऱ्याच्या आत काहीतरी निवडत, आणि आई आणखी आत चुलीपाशी. माळव्यातल्या संध्याकाळी किती गार होतात ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. दिवसभर भाजून निघालेली फरशी पाणी मारलं की सुस्कारा टाकायची, समोरच्या दुबेजींच्या मोगऱ्याची कळी त्याच सुमाराला उमलायची, आणि फळीवर नवा शब्द आलेला असायचा. एखादा अवघड, एखादा नुसताच लांबलचक. आक्काने मॅट्रिक केलं होतं, तिला पुष्कळ येत असत, पण ती बोलायची नाही. हसायची. तिच्या त्या हसण्याला सगळी रामबाग नावाजत असे. आलेली-गेलेली बाई म्हणायची, पोरगी आहे की देवघरातली समई. माझ्याकडे बघून कुणी असलं काही म्हणत नसे.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, जांभळं संपत आली होती तेव्हा, फळीवर 'सेराफिक' आला. तो चार दिवस पुसला गेला नाही.

"हा कशाला लावायचा?" मी विचारलं.

"चेहऱ्याला लावतात. हसण्याला. एखाद्याच्या शांतपणाला," मोघेजी म्हणाले. "हुशारीला लावायचा नाही. कामाला नाही. जेवणाला तर बिलकुल नाही."

"मग सरळ सात्त्विक म्हणा की," अण्णा म्हणाले.

"सात्त्विक भोजनही असतं, अण्णासाहेब."

"सोज्वळ?"

"सोज्वळमध्ये लोकांची नजर आहे. लोक बघताहेत म्हणून नीट वागणं आहे. यात तसं नाही. यात कुणी बघत नसलं तरी चालतं."

"प्रसन्न घ्या."

"प्रसन्न तर हवापण असते."

अण्णांनी सुपारी तोंडात टाकली. "हे बघा मोघे, तीस वर्षांत माझ्या एकाही फायलीत हा शब्द आलेला नाही. म्हणजे सरकारचं त्याच्यावाचून अडत नाही, असं धरून चला."

मग मोघेजींनी तो शब्द कुठून आला ते सांगितलं. ख्रिस्ती लोकांच्या स्वर्गात देवदूतांच्या ओळी असतात, आणि सगळ्यांत पुढची ओळ, अगदी सिंहासनाजवळची, ती या सेराफांची. त्यांना पंख सहा. दोन पंखांनी ते तोंड झाकून घेतात, दोन पंखांनी पाय, आणि उरलेल्या दोनांवर उडतात.

"सगळे पंख असे अडकले तर कामं कोण करतं त्यांच्याकडे?" आतून आई म्हणाली. अण्णा खोखो हसले.

आक्का हसली नाही. तिने कधी नव्हे ते विचारलं, "तोंड का झाकतात?"

मोघेजी हातातल्या खडूकडे बघत राहिले. "समोर जे असतं ते सरळ बघवत नाही म्हणून," ते म्हणाले.

मी लगेच वाक्य करून दाखवलं की दुबेजींची गाय सेराफिक आहे. मोघेजींनी त्यावर गंभीरपणे विचार केला आणि निकाल दिला की गाईला चालेल, म्हशीला चालणार नाही. त्या चार दिवसांत आक्का त्या दारावरून जाता-येताना जरा थबकायची, एवढं मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ लावायचं माझं वय नव्हतं.

आता आईचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्या नियमामुळे झालं. आईला मराठी उत्तम वाचता येई, इंग्रजी अजिबात नाही. एका वर्षी तिने कुरडया वाळत घालायला घरातले जुने कागद पसरले, आणि त्यांत अण्णांच्या फायलीतली चार पानं गेली. पानांना कुरडया अशा चिकटल्या की त्या काढता काढता अण्णा रडकुंडीला आले. साहेबांनी त्यांना उभं करून सुनावलं. माझे वडील घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले, ते आईला सहन झालं नाही. तेव्हापासून तिने स्वतःला नियम घालून घेतला, आणि तो ती आम्हांलाही पाठ म्हणायला लावी: मराठी कागद घरचा, इंग्रजी कागद सरकारचा. मराठी कागद असला की तो भिंतीवरच्या तारेला टोचायचा. इंग्रजी असला की, चिटोरं का असेना, हात पुसून उचलायचा आणि बस्त्यात ठेवायचा. पुन्हा म्हणून तिच्याकडून चूक झाली नाही.

दसरा झाला की राजधानी उठायची. त्या सकाळी सगळीकडे सुतळ्या, लाखेचा धूर, टांगेवाल्यांची हाकाटी. अण्णा पेट्यांना सील करायला पहाटेच ऑफिसात गेले होते. घरचे बस्ते न्यायला दुपारी चपराशी येणार होता. मोघेजींचा टांगा दारात उभा होता. ट्रंक वर चढली, आणि तेवढ्यात ते चपला काढून परत आत आले. अण्णांच्या उतरत्या मेजावर त्यांनी एक घडी घातलेला कागद ठेवला, त्यावर दौत ठेवली. मी तिथेच भातुकली मांडून बसले होते. "अण्णासाहेबांना द्या हं," असं ते म्हणाले नाहीत. नुसतं माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "येतो आम्ही. अभ्यास करा." आक्का मागच्या दारी होती. ती पुढे आली नाही.

तासाभराने आई मेज पुसायला आली. तिने दौत उचलली, कागद उलगडला, इंग्रजी पाहिलं. हात पदराला पुसले, कागदाची घडी नीट दाबली, वरच्याच बस्त्यात सरकवला आणि दोन गाठी मारल्या. मी बघत होते. दुपारी चपराशी बस्ते डोक्यावर घेऊन गेला. आईने समाधानाने श्वास सोडला, घर आता मोकळं झालं म्हणाली.

मला वाटतं, मोघेजींनी मराठीत लिहिलं असतं तर तो कागद संध्याकाळपर्यंत तारेवर लागला असता. पण मराठीत लिहायचं त्यांना धाडस झालं नसणार. इंग्रजीत माणूस थोडा दूर उभा राहून बोलू शकतो, तेवढ्या अंतराची त्यांना गरज असावी.

दिवाळीत अण्णांनी नेहमीसारखं त्यांना कार्ड घातलं. सर्व कुशल, चि. सुमतीचं देवासच्या स्थळाशी ठरलं, कार्यास अवश्य यावे. मजकूर सांगता सांगता अण्णा मला लिहायला लावत होते, माझं अक्षर सुधारावं म्हणून. म्हणजे ते उत्तरही माझ्याच हाताने गेलं. मार्गशीर्षात लग्न झालं. मोघेजी आले नाहीत, रजा मिळत नाही असं आलं, आणि ग्वाल्हेरहून कुणाच्यातरी हाती गजकाचा एक डबा आला. तिळाची ती खुसखुशीत वडी मला फार आवडते. आक्काने एक तुकडाही घेतला नाही. मी मात्र लग्नघरात कोपऱ्यात बसून अर्धा डबा फस्त केला.

चैत्रात राजधानी परत आली. कित्येक बस्ते गाठीही न सुटता ग्वाल्हेरला जाऊन यायचे, त्यांतलाच तो होता. अण्णांनी तो ओट्यावर सोडला. कागद वाचता वाचता त्यांचं तोंड उतरलं. मी पायरीवरून मान उंचावून पाहिलं. पुष्कळसं कळलं नाही, पण मधला एक शब्द फळीवर चार दिवस राहिलेला होता. तो मी ओळखला.

"हा बस्त्यात कुणी घातला?" अण्णांनी हळू विचारलं.

"आईने. इंग्रजी होता ना."

अण्णांनी कागदाची पुन्हा घडी घातली. आत आई रामरक्षा म्हणत भांडी लावत होती. मग त्यांनी मला जवळ ओढलं. "आईला हे कधी कळता कामा नये, कमळे. ती झुरून मरेल. आणि आक्काला तर नाहीच. तिचं लग्न झालंय." मी मान हलवली. त्या वर्षी पुढच्या खोलीत दुसरेच एक, कायम पोट दुखणारे गृहस्थ आले. मोघेजींनी ग्वाल्हेरची कायमची जागा मागून घेतली, असं अण्णांना ऑफिसात कळलं. थोड्याच वर्षांनी राजधानीच उठून भोपाळला गेली, आणि आमच्या उन्हाळ्यातलं ते येणं-जाणं संपून गेलं.

आक्काचा संसार चांगला झाला. भाऊजी भले होते, तिला जपत होते. मी लग्नाची झाले तेव्हा एकदा देवासच्या गच्चीवर आम्ही दोघी पापड राखत बसलो होतो. मी गमतीत विचारलं, "आक्का, नवरा कसा असावा गं?"

ती टेकडीकडे बघत म्हणाली, "कसाही चालेल. त्या मोघ्यासारखा डरपोक नको. तीन वर्षं शब्द शिकवले, आणि बोलायची वेळ आली तर टांग्यात बसून निघून गेला."

तेव्हा मला कळलं की आक्का वाट बघत होती. सांगायला तोंड उघडलं होतं मी, खरंच उघडलं होतं. पण खाली आई होती. ती चार दिवस लेकीकडे आली होती, आणि भाऊजींसाठी श्रीखंडाचा चक्का टांगत होती. मी गप्प बसले. पुढे आई गेली, तेव्हा अण्णांकडे बघून गप्प बसले. अण्णा गेले आणि त्यांच्या डिक्शनरीत ठेवलेला तो कागद माझ्याकडे आला, तेव्हा भाऊजी होते. भाऊजीही गेले, त्याला आता सहा वर्षं झाली. या सहा वर्षांना माझ्याकडे कारण नाही. भीती होती, दुसरं काही नाही.

विनूने मला राऊला सोडलं आणि तो दुकानावर गेला. आक्का पलंगावर बसून परातीत मटार सोलत होती. नजर गेलीय, बोटांनी सोलते. मला ओळखून तिने मान वर केली आणि तेच हसू हसली.

"ये. पहिले चहा घे, मग बोल. सूनबाई करून देईल."

"नको. आक्का, मोघेजींचं एक पत्र आहे."

"कोण मोघे?" ती म्हणाली. पण शेंग हातात तशीच राहिली.

मी कागद उलगडला. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय मी, सवयीने एक वाक्य वाचायचं आणि लगेच त्याचं मराठी करायचं असं चाललं. पत्र अगदी अर्जाच्या थाटाचं होतं. परिच्छेदांना आकडे घातलेले. पहिल्यात वय आणि नोकरी, दुसऱ्यात घरी फक्त आई आहे हे, तिसऱ्यात पत्रिका मागाहून पाठवतो हे. चौथ्यात लिहिलं होतं की, मी तीन उन्हाळे आपल्या ओट्यावर बसलो आहे, आणि कु. सुमती यांच्या सेराफिक मुद्रेकडे एकदाही सरळ पाहिलेले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. शेवटी, लवकर हुकूम व्हावा ही विनंती.

त्या शब्दापाशी मी अडखळले. "म्हणजे, सात्त्विक. नाही, प्रसन्न. शांत, असं." अण्णांना जमलं नव्हतं ते मलाही जमलं नाही.

आक्काने हातातली शेंग परातीत ठेवली. म्हणाली, "म्हणजे विचारलं होतं त्याने."

"हो."

"अण्णा नाही म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. दौत, बस्ता, आईच्या दोन गाठी, चैत्रातला ओटा.

"आईला कळलं?"

"कधीच नाही."

"ते बरं झालं," आक्का म्हणाली. मग, "आणि तुला?"

"मला तेव्हापासूनच माहीत होतं. अकरा वर्षांची होते."

आक्काचा चेहरा मी उभ्या जन्मात असा पाहिला नव्हता. हसू गेलं, शांतपणा गेला, नव्वद वर्षांची एक संतापलेली बाई माझ्यासमोर बसली होती.

"कमळे, मी त्या माणसाला सत्तर वर्षं डरपोक म्हणत आले. मनातल्या मनात, रोज नाही पण कितीदा तरी. तुझ्याजवळ म्हणाले, गच्चीवर. तू ऐकून घेतलंस. माझं काही वाईट झालं नाही गं, मी सुखात होते, विनूचे वडील लाख माणूस होते. पण त्याच्याबद्दल इतकं खोटं मला का बोलू दिलंस?"

"चुकलं, आक्का."

"चुकली ती आई. तिला वाचता येत नव्हतं. तुला येत होतं."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि आक्काने नेहमीसारखा माझ्याकडे हात केला नाही. बाहेर भाजीवाला ओरडत होता, ले लो मेथी, ले लो पालक. मी कागदाची घडी घालायला लागले. तो आवाज तिने ऐकला असावा.

"ठेवू नको," ती म्हणाली. तिने परात बाजूला सारली, मांडीवरची टरफलं झटकली, आणि पदर दोन्ही खांद्यांवरून नीट ओढून घेतला. "पुन्हा वाच. पहिल्यापासून. आणि मधे मधे मराठी करू नको."